पावसाच्या पाण्याचा पीएच ५.५ आला म्हणजे ॲसिड रेन का? जरा सविस्तर सांगते

प्रश्न थोडक्यात असा होता: पहिल्या पावसाचं पाणी बादलीत धरलं, त्यात पीएचची, म्हणजे आंबटपणा मोजायची, पट्टी बुडवली, ५.५ च्या आसपास रंग आला. मग हा ॲसिड रेन का, मुलं त्यात भिजली त्याचं काही होईल का, बागेतल्या पानांवर तपकिरी ठिपके आलेत ते यामुळेच का, आणि हेच पाणी जमिनीत आणि विहिरीत उतरत राहिलं तर पुढे काय.

मी वीसेक वर्षं हेच काम करते, पावसाचं पाणी, तळ्याचं पाणी, माती यांचे नमुने तपासायचं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण आधी मुलांची काळजी मिटवते. काही होणार नाही. ५.५ सोडा, पीएच ४ च्या पावसात भिजलं तरी कातडी भाजत नाही, लिंबाचा रस त्याच्या कितीतरी पट आंबट असतो. ॲसिड रेन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर तेजाबाचे थेंब येतात आणि मग खरा त्रास जिथे होतो तिकडे लक्षच जात नाही, हे मला फार खटकतं.

शिवाय ५.५ हा ॲसिड रेन नाहीच. अगदी स्वच्छ हवेतून पडणारं पाणीसुद्धा ७ चं, म्हणजे ना आम्ल ना अल्क असं, नसतं, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि पीएच ५.६ च्या जवळ येऊन थांबतो. त्यात झाडांपासून, समुद्रावरून येणारी थोडी नैसर्गिक आम्लं मिसळली की कसलंही प्रदूषण नसलेल्या ठिकाणचा पाऊससुद्धा ५ पर्यंत उतरू शकतो. ५ च्या खाली आकडे सारखे यायला लागले की मग आम्ही शोध सुरू करतो. आणि एक लक्षात ठेवा, पीएच एकाने खाली आला म्हणजे आंबटपणा दहापट झाला, त्यामुळे ५.६ आणि ४.६ मध्ये दिसायला एकाचा फरक असला तरी तो फार मोठा फरक आहे.

आता त्या पट्टीबद्दल. पावसासाठी पट्टी वापरूच नका. पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार इतके कमी असतात की पट्टीवरचा रंगच त्या पाण्याचा पीएच बदलतो, आणि बादलीला आतून साबणाचा थोडा अंश राहिला असेल तर विचारूच नका. मीटरनेसुद्धा हे काम सोपं नसतं. इलेक्ट्रोड, म्हणजे मीटरची पाण्यात धरायची कांडी, बुडवला की आकडा ६.१ दाखवतो, मग ५.९, मग ५.७, असा हळूहळू उतरत राहतो, आणि नवीन आलेली मुलं पहिल्या अर्ध्या मिनिटातला आकडा लिहून मोकळी होतात. मी त्यांना सांगते, पाणी हलकेच ढवळा, ढवळणं थांबवा, हात मागे घेऊन उभे राहा, आकडा हलायचा थांबला की मगच वहीत लिहा. एका केंद्रावरून मला जवळजवळ महिनाभर ६.८, ७ असे आकडे येत होते, कागदावर एकदम छान पाऊस. फॉस्फेट तपासलं तर ते भरमसाट, पावसात इतकं फॉस्फेट येणार कुठून? जाऊन पाहिलं तर फनेलच्या कडेवर पक्षी बसत होते आणि त्यांची विष्ठा धुऊन थेट बाटलीत उतरत होती. तेव्हापासून मी नुसत्या पीएचच्या आकड्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. पीएच ही फक्त शिल्लक असते, जमाखर्च नाही. हवेत सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल भरपूर असेल पण त्याच हवेत चुनखडीयुक्त मातीची धूळही उडत असेल तर धूळ आम्ल मारते आणि पाऊस ६.५ चा पडतो. कोरड्या, धुळीच्या प्रदेशात हे नेहमी दिसतं. आकडा पाहून लोक खूश होतात, पण त्या पाण्यातलं सल्फेट आणि नायट्रेट मोजलं की कळतं हवा किती घाण आहे ते. त्यामुळे पीएचच्या जोडीला सल्फेट, नायट्रेट, अमोनियम आणि कॅल्शियम हे चार आकडे नसतील तर पावसाबद्दल ठाम काही बोलू नये असं माझं मत आहे.

हे आम्ल येतं कुठून ते थोडक्यात सांगते, कारण शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. कोळसा आणि जड तेल जाळताना, धातूंच्या सल्फाईड खनिजांच्या भट्ट्यांमधून सल्फर डायऑक्साइड, आणि जिथे कुठे फार तापमानाला ज्वलन होतं तिथे, म्हणजे इंजिनात, बॉयलरमध्ये, हवेतल्याच नायट्रोजनपासून नायट्रोजन ऑक्साईड्स. हे वायू हवेत काही तास ते काही दिवस राहतात, ढगांच्या थेंबात हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या गोष्टींमुळे सल्फर डायऑक्साइडचं सल्फ्युरिक आम्ल होतं, आणि तोवर वारा त्यांना शेकडो किलोमीटर घेऊन गेलेला असतो. सगळंच पावसाबरोबर पडतं असंही नाही, बराचसा भाग पाऊस नसताना वायू म्हणून आणि बारीक कण म्हणून पानांवर, भिंतींवर, मातीवर बसतो, त्याला ड्राय डिपॉझिशन म्हणतात. तुम्ही पहिल्या पावसाचं पाणी धरलंत ना, त्यात हवेतली अनेक दिवसांची घाण एकदम धुऊन येते, त्यामुळे पहिल्या सरीवरून अख्ख्या पावसाळ्याचा अंदाज बांधू नका.

हा विषय काही नवा नाही. रॉबर्ट ॲंगस स्मिथ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरच्या पावसातलं आम्ल आणि तिथल्या हवेतला धूर यांचा संबंध लिहून ठेवला होता आणि १८७२ मध्ये ॲसिड रेन हा शब्द वापरला. पुढे जवळजवळ शंभर वर्षं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. मग १९६० च्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या स्वांते ओडेन यांनी दाखवून दिलं की स्कँडिनेव्हियाच्या तळ्यांमधलं आम्ल युरोपातल्या दुसऱ्या देशांच्या धुरातून येतंय. म्हणजे धूर एकाचा आणि मासे मेले दुसऱ्याचे. त्यात उंच धुराड्यांनी भर घातली. कॅनडात सडबरीला निकेलच्या भट्टीसाठी १९७२ मध्ये ३८१ मीटर उंच धुराडं उभारलं, गावातली हवा सुधारली हे खरं, पण गंधकाचा धूर उंचावरून लांब लांब पसरला. धूर उंच सोडला म्हणून तो नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या अंगणात पडतो.

आता मातीकडे येते, कारण तुमच्या सगळ्या प्रश्नांमधला हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मी कामाला नवीन होते तेव्हा आमच्या मॅडमनी मला एका काचेच्या नळीत वाळूसर माती भरायला लावली, हातभर उंच, खाली ग्लास वूलचा बोळा. वरून रोज पीएच ३.५ चं पाणी थेंब थेंब सोडायचं आणि खालून गळणारं पाणी तपासायचं. पहिल्या दिवशी खालून ६.४ आला. आठवड्याने ६.४. तीन आठवड्यांनी ६.३. मला वाटलं माझं काहीतरी चुकतंय, इतकं आम्ल ओततेय आणि खाली काहीच दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "पीएच नको बघूस, कॅल्शियम बघ." कॅल्शियमचे आकडे काढले तर ते सुरुवातीपासून खालच्या पाण्यात उतरत होतं, आणि प्रत्येक आठवड्याला आधीच्यापेक्षा कमी. मातीच्या कणांवर कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिकटलेलं असतं, आम्ल आलं की त्यातला हायड्रोजन त्यांची जागा घेतो आणि ती बिचारी अन्नद्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात. खालचं पाणी चांगलं येत होतं ते मातीने आपली पुंजी मोडून दिलेलं होतं. दोनेक महिन्यांनी पुंजी संपत आली आणि मग चार-पाच दिवसांत पीएच घसरत ४.६ वर आला, आणि त्याच दिवसांत पाण्यात ॲल्युमिनियम दिसायला लागलं, जे तोपर्यंत जवळजवळ नव्हतंच.

ही नळी मी आजही विसरले नाही. ॲल्युमिनियम तर प्रत्येक मातीत असतं, चिकणमातीचा तो मुख्य भागच आहे, पण ते घट्ट बांधलेलं असतं. मातीचा पीएच साधारण ५ च्या खाली गेला की ते सुटं व्हायला लागतं. सुटं ॲल्युमिनियम मुळांच्या टोकांना मारतं, मुळं आखूड आणि जाड होतात, त्यांना पाणी आणि अन्न खोलवरून घेता येत नाही, वरून झाड नुसतं मरगळलेलं दिसतं आणि आपण कीड शोधत बसतो. तेच ॲल्युमिनियम ओढ्यात, तळ्यात गेलं की माशांच्या कल्ल्यांवर बसतं, कल्ले चिकट स्रावाने भरतात, श्वास कोंडतो आणि रक्तातलं सोडियम बाहेर झिरपायला लागतं. म्हणजे मासे आम्लामुळे मरतात त्याहून जास्त त्या आम्लाने मातीतून काढून आणलेल्या ॲल्युमिनियममुळे मरतात. पीएच ६ च्या खाली गेला की गोगलगायी आणि शिंपले आधी नाहीसे होतात, ५ च्या आसपास बहुतेक माशांची अंडी उबत नाहीत. आणि असं तळं दिसतं कसं? काचेसारखं नितळ, तळ दिसतो, बघणाऱ्याला वाटतं किती स्वच्छ पाणी आहे.

कुठली जमीन किती दिवस टिकणार हे खालच्या खडकावर आहे. चुनखडी असेल तर ती आम्ल पिऊन टाकते, पिढ्यानपिढ्या काही दिसणार नाही. ग्रॅनाइटवरची पातळ माती असेल तर पुंजी मुळातच थोडी, नॉर्वे, स्वीडन आणि कॅनडाची तळी म्हणूनच आधी गेली.

आणि गेलेली पुंजी पटकन परत येत नाही. अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला हबर्ड ब्रूक नावाचं जंगल आहे, तिथे जीन लायकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ पासून पाऊस आणि ओढ्यांचं पाणी सतत मोजलं. पावसातलं आम्ल कमी झाल्यावरही ओढे हवे तसे सुधारेनात, कारण मातीतलं कॅल्शियम आधीच धुऊन गेलं होतं. मग १९९९ मध्ये तिथल्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज, वोलास्टोनाइट, पसरलं आणि पुढच्या वर्षांत तिथली झाडं शेजारच्या पाणलोटापेक्षा चांगली वाढली. नमुने तपासणाऱ्या माणसाला याहून स्पष्ट पुरावा मिळत नाही.

आता एक गोष्ट जी बऱ्याच जणांना पटत नाही. शेतजमीन आंबट होण्यात पावसापेक्षा खताचा वाटा बहुतेक ठिकाणी मोठा असतो. हिशोब करून दाखवते. समजा पाऊस चांगलाच आंबट आहे, ४.३ चा, आणि वर्षाला १००० मिलिमीटर पडतो. एका हेक्टरवर पडलेलं ते सगळं आम्ल मारायला शुद्ध चुनखडीची पूड लागेल साधारण २५ किलो. आणि त्याच हेक्टरात युरियातून १०० किलो नायट्रोजन टाकला आणि त्याचं सगळं नायट्रेट होऊन वाहून गेलं, तर लागेल साधारण ३५० किलो. हा वरचा टोकाचा आकडा आहे, पिकाने नायट्रेट उचललं तर बराच कमी होतो, पण फरक किती आहे तो बघा. अमोनियम सल्फेट असेल तर युरियाच्या जवळपास दुप्पट. कारण मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करताना आम्ल सोडतात. म्हणूनच मी वर अमोनियम मोजा म्हटलं, गोठ्यांमधून, शेणखताच्या ढिगांमधून आणि शेतातून उडालेला अमोनिया हवेतलं आम्ल मारतो, पाऊस ६.५ चा दिसतो, आणि तेच अमोनियम मातीत उतरल्यावर आम्ल तयार करतं. पट्टी चांगला रंग दाखवते आणि माती तरीही आंबट होत जाते.

विहिरीचं विचारलंत. नुसत्या आम्लाने विहिरीचं पाणी पिण्यालायक राहत नाही असं सहसा होत नाही, प्रश्न आम्ल बरोबर काय आणतं याचा असतो. एक म्हणजे नायट्रेट, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी ती फार महत्त्वाची, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून ते वाढतं. दुसरं म्हणजे धातू. कॅडमियम, जस्त, मँगनीज ही मंडळी आंबट मातीत जास्त मोकळी होतात, पिकातही जास्त जातात. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम पाण्यातून भातशेतीत उतरलं आणि लोकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की त्या आजाराला लोकांनी नाव दिलं इताई-इताई, म्हणजे दुखतंय-दुखतंय. तिथे कारण ॲसिड रेन नव्हतं, खाण होती, पण कॅडमियम असलेली माती आंबट होऊ दिली तर काय होऊ शकतं हे समजायला तो दाखला मी नेहमी देते. पाऱ्याचं तर गंधकाशी थेट नातं आहे, तळ्याच्या गाळातले सल्फेटवर जगणारे जिवाणू पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी हे विषारी रूप करतात आणि ते माशांमध्ये साठत जातं, मोठ्या माशात जास्त. आणि तिसरं, तुमच्या घरातले पाईप. मऊ आणि आंबट पाणी तांब्याचे पाईप, शिशाचे जुने सांधे कुरतडतं. नळाखाली निळसर हिरवा डाग पडत असेल तर तो तांब्याचा असतो. रात्रभर पाईपात थांबलेलं पाणी सकाळी थोडं वाहू द्या आणि पाण्यात शिसं आहे का ते एकदा लॅबमधून तपासून घ्या.

पानांवरचे ठिपके मात्र पावसाने आले नसणार. प्रयोगांत पानांवर डाग पडायला पीएच साधारण ३ च्या आसपास न्यावा लागतो. बुरशी, पोटॅशची कमतरता किंवा जमिनीलगतचा ओझोन ही कारणं आधी बघा.

दगडाचं एका वाक्यात सांगते, संगमरवर आणि चुनखडीवर सल्फर डायऑक्साइड बसून जिप्सम होतं, ते मूळ दगडापेक्षा जास्त जागा घेतं आणि पाण्यात जास्त विरघळतं, म्हणून उघड्या भागाचं कोरीवकाम झिजतं आणि आडोशाला, जिथे पाणी धुवत नाही तिथे, काजळी धरून काळा पापुद्रा जमतो आणि तो एक दिवस दगडासकट सुटतो.

मुलांची खरी काळजी करायची असेल तर पावसाची नको, पाऊस नसतानाची करा. तेच वायू आणि त्यांच्यापासून झालेले बारीक सल्फेट-नायट्रेटचे कण फुप्फुसात खोल जातात. १९५२ च्या डिसेंबरात लंडनमध्ये पाच दिवस कोळशाचा धूर धुक्यात अडकून राहिला तेव्हा सुरुवातीच्या हिशोबातच ४००० च्या आसपास माणसं दगावली होती, आणि तेव्हा पाऊस नव्हता, वारा पडलेला होता. दम्याचा त्रास असलेलं मूल असेल तर हवा कोंदलेल्या दिवशी त्याला बाहेर पळायला लावू नका.

हे सुधारतं का? सुधारतं, आणि हे मी मनापासून सांगते, कारण मी स्वतः आकडे खाली येताना पाहिलेत. धुरावर चुनखडीची पूड कालवलेल्या पाण्याचा फवारा मारला की गंधक अडकतं आणि जिप्सम मिळतं, तंत्र जुनं आणि खात्रीचं आहे. अमेरिकेने १९९० मध्ये कायदा बदलून वीजकेंद्रांच्या गंधकावर मर्यादा घातली आणि त्यांचा सल्फर डायऑक्साइड ९० टक्क्यांहून जास्त घटला. जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा २०२० पासून जगभर ३.५ वरून ०.५ टक्क्यावर आली. सडबरीत पुढे धूर स्वच्छ केला आणि १९७८ पासून माणसांनी काळ्या पडलेल्या टेकड्यांवर हाताने चुन्याची पूड टाकत झाडं लावली, आज तिथे लाखोंनी झाडं उभी आहेत. स्वीडन अजूनही तळ्यांमध्ये चुनखडी टाकतं. तळ्याला चुना देणं म्हणजे दुखणं थोपवणं आहे, धूर बंद होत नाही तोवर दर काही वर्षांनी परत टाकावा लागतो.

तुम्ही घरी काय कराल ते सांगते. प्लास्टिकची नवी बाटली आणि फनेल घ्या, साबण न लावता डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा विसळा, झाडापासून, छपरापासून, सिमेंटच्या भिंतीपासून लांब, माणसाच्या छातीच्या उंचीवर ठेवा, आणि पाऊस सुरू झाल्यावरच उघडा, नाहीतर आधीची धूळ त्यात पडते. पाऊस थांबला की झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, आणि शक्य तितक्या लवकर लॅबमध्ये. एका सरीचं नाही, निदान पाच-सहा सरींचे वेगवेगळे नमुने द्या, तारीख आणि वेळ बाटलीवर लिहा. विहिरीच्या पाण्याची अल्कलिनिटी नक्की मागा, पीएचपेक्षा ती जास्त सांगते, पाण्याची आम्ल सोसायची ताकद किती उरलीय ते तिच्यावरून कळतं. आणि पैसे एकाच तपासणीपुरते असतील तर पाऊस सोडा, माती द्या. वरची एक वीतभर आणि त्याखालची एक वीतभर अशी वेगळी, पीएच, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लाइम रिक्वायरमेंट, म्हणजे त्या मातीला किती चुना लागेल तो आकडा, सांगून. पीएच ५.५ च्या खाली असेल तर सुटं ॲल्युमिनियमही मागा. लाइम रिक्वायरमेंटचा आकडा हातात येईपर्यंत मातीत चुना टाकू नका, जास्त झाला तर लोह आणि जस्त झाडाला मिळेनासं होतं आणि पानं पिवळी पडतात. खालच्या थराची माती मुद्दाम सांगितली, कारण चुना वर टाकला की वर सुधारतं आणि खाली आंबट तसंच राहतं, मुळं तिथे जाऊन थांबतात.